जोडलेल्या हातांचे गाव

जपानच्या मुख्य बेटाच्या मध्यभागी हाकुसान नावाचा २,७०२ मीटर उंचीचा पर्वत उभा आहे. हाकुसान म्हणजे शुभ्र पर्वत. हिवाळा आला म्हणजे सैबेरियाकडून निघालेले कोरडे, थंड वारे जपानच्या समुद्रावरून येताना पाण्याची वाफ उचलून घेतात आणि या पर्वताच्या रांगांनी अडवले जाताच तो सगळा भार हिमाच्या रूपाने खाली टाकतात. जगात जेथे माणसांची वस्ती आहे आणि हिमही अतोनात पडते, अशा मोजक्या प्रदेशांत या भागाची गणना होते. पर्वताच्या पूर्वेस शोगावा नदीचे अरुंद खोरे आहे. ही नदी डोंगरातून वाट काढीत उत्तरेकडे जाते. खोऱ्याच्या वरच्या भागास शिराकावा-गो म्हणतात; तो गिफू प्रांतात येतो. खालच्या भागास गोकायामा म्हणतात. तो तोयामा प्रांतात येतो.

आज ताकायामा शहरातून मोटारगाडीत बसलेला प्रवासी बोगद्यांमागून बोगदे ओलांडून तासाभराच्या आत शिराकावा-गोमधील ओगिमाची या गावी उतरतो. पूर्वी ही वाट एवढी सोपी नव्हती. हिवाळ्यात खिंडी बंद होत आणि कित्येक आठवडे बाहेरचा माणूस गावाच्या दृष्टीस पडत नसे. बाराव्या शतकाच्या अखेरीस ताइरा आणि मिनामोतो या दोन घराण्यांत मोठे युद्ध झाले. त्यात पराभव पावलेले ताइरा घराण्याचे योद्धे जीव वाचवण्यासाठी या दरीत येऊन लपले, अशी लोककथा तेथे सांगतात. ती खरी असो वा नसो, लपण्यास ही जागा योग्य होती यात शंका नाही. पुढे एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळात, कागा संस्थानचे सरदार आपल्या गुन्हेगारांना गोकायामात हद्दपार करीत. कैदी पळून जाऊ नयेत म्हणून तेथे नदीवर पूल बांधू देत नसत. दोन्ही तीरांना दोर ताणून त्याला एक टोपली अडकवलेली असे. त्या टोपलीत बसून माणसे ये-जा करीत. बाजाराला जाणारी म्हातारी आणि लग्न होऊन सासरी निघालेली मुलगी, दोघींनाही खाली घोंघावणाऱ्या पाण्याकडे पाहत त्याच टोपलीतून पलीकडे जावे लागे.

अशा मुलखात माणसाने राहायचे म्हटले, तर पहिला प्रश्न छपराचा. सपाट किंवा थोड्या उताराच्या छपरावर हिम साचून राहते आणि त्याच्या ओझ्याने वासे मोडतात. म्हणून तेथील लोकांनी छपराची दोन्ही पाखी अतिशय उभी ठेवली. काही घरांत त्यांचा उतार साठ अंशांपर्यंत असतो. समोरून पाहिले असता एखाद्याने प्रार्थनेसाठी दोन्ही तळवे जोडून हात वर उचलावेत, तसे ते घर दिसते. बौद्ध उपासनेत हात जोडण्याला जपानी भाषेत ‘गाश्शो’ म्हणतात. आपल्याकडील ‘अंजली’ या संस्कृत शब्दाचा आशय बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानात पोहोचला, त्याचेच हे जपानी रूप. या घरांना ‘गाश्शो-झुकुरी’, म्हणजे ‘जोडलेल्या हातांच्या बांधणीची घरे’, असे नाव पडले.

घराचा खालचा भाग, म्हणजे खांब, तुळया आणि जमीन, हिदा प्रदेशातील कसबी सुतार बांधीत. छप्पर मात्र गावकरी स्वतः चढवीत. या छपराच्या सांगाड्यात लोखंडी खिळा वापरीत नाहीत. जाड वासे टोकाशी एकमेकांना भिडवून दोरांनी आवळतात. काही ठिकाणी दोराऐवजी एका रानझाडाच्या ओल्या, लवचीक फांद्या पिळून बांधतात. ही फांदी वाळली की आकसते आणि गाठ अधिकच घट्ट होते. वाशांची खालची टोके तासून अणकुचीदार केलेली असतात व ती तुळईतील खोबणीत नुसती टेकवलेली असतात. वारा सुटला किंवा भूकंपाचा हादरा बसला, तर सारे छप्पर थोडे हलते, करकरते आणि पुन्हा जागेवर येते. खिळ्याने जखडलेले लाकूड अशा वेळी चिरफाळले असते. ब्रूनो टाउट नावाचे जर्मन वास्तुशिल्पज्ञ १९३५ साली ही घरे पाहावयास आले होते. त्यांनी या बांधणीतील तर्कशुद्धता ओळखून तिची मोठी वाखाणणी केली, आणि तेव्हापासून बाहेरच्या जगाचे लक्ष या दरीकडे वळू लागले.

ओगिमाचीतील बहुतेक घरांची आढी एकाच दिशेने, उत्तर-दक्षिण, धरलेली आहेत. त्यामुळे खोऱ्यातून वाहणाऱ्या वाऱ्याला घराची अरुंद बाजू सामोरी जाते. दुसरा लाभ असा की, सकाळचे ऊन एका पाखीवर आणि दुपारचे दुसऱ्या पाखीवर पडते. दोन्हीकडचे हिम सारखे वितळते आणि गवत लवकर सुकते.

या उंच छपराखाली दोन, तीन, क्वचित चार माळे मावतात. ही जागा माणसांसाठी नव्हती, ती रेशीमकिड्यांची होती. दरीत भातशेतीस सपाट जमीन थोडी. डोंगर जाळून तेथे नाचणीसारखी भरड धान्ये पिकवावीत, तुती लावावी आणि किडे पोसावेत, हाच उदरनिर्वाहाचा मार्ग. रेशीमकिडा हा थंडीला फार भितो. यासाठी माळ्यांची जमीन सलग न करता फटी ठेवून पट्ट्यांची केलेली असे. तळमजल्यावर मध्यभागी जमिनीत चौकोनी आगटी असते, तिला ‘इरोरी’ म्हणतात. इरोरीतील ऊब त्या फटींतून वरवर चढत जाई. घराच्या दोन्ही त्रिकोणी टोकांना कागदी खिडक्या असत, त्यांतून उजेड आणि वारा येई. खाली माणसे जेवत, झोपत. डोक्यावर हजारो किडे रात्रंदिवस तुतीचा पाला कुरतडत असत. काही खेड्यांत तर एकाच घरात तीस-चाळीस माणसांचे कुटुंब राहत असे. जमिनीची वाटणी होऊन तिचे तुकडे पडू नयेत म्हणून केवळ थोरल्या मुलानेच रीतसर लग्न करून संसार थाटावा, अशी तेथे चाल होती. धाकट्या भावंडांवर यात काय अन्याय होत असेल, हे सांगावयास नको. जुन्या काळातील सर्वच गोष्टी गोड नसतात.

आगटीच्या आसपास, जमिनीखालीही एक उद्योग चाले. तेथे खड्डे खणून त्यांत माती, रेशीमकिड्यांची विष्ठा, रानातील दवण्याच्या जातीचे झुडूप, धान्याची ताटे यांचे थर रचीत. हे मिश्रण दरवर्षी उलथेपालथे करीत. चार-पाच वर्षांनी ती माती पाण्यात धुऊन, ते पाणी राखेबरोबर आटवले की त्यातून सोरा मिळे. मातीतील सूक्ष्म जंतू कुजणाऱ्या पदार्थांतील नत्राचे रूपांतर सोऱ्यात करतात, हे शास्त्र त्या शेतकऱ्यांना ठाऊक नव्हते. पण हातांना ते पुरते ठाऊक होते. सोरा हा बंदुकीच्या दारूचा मुख्य घटक. कागा संस्थानला तो येथून पुरवला जाई, आणि या आडरानातील खेड्यांना संस्थानने जपले ते पुष्कळसे याच कारणाने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी सोरा स्वस्तात येऊ लागला आणि हा धंदा बसला. पुढे रेशमाचेही दिवस गेले.

आता त्या छपराच्या गवताकडे वळावे, कारण साऱ्या गावाचा जीव त्यात आहे.

हे गवत म्हणजे ‘सुसुकी’ नावाचे उंच, चिवट डोंगरी गवत. शरद ऋतू संपता संपता ते कापतात, पेंढ्या बांधून वाळवतात. छपरावर हाताएवढा, काही ठिकाणी त्याहूनही जाड असा त्याचा थर रचतात. इरोरीतील धूर रात्रंदिवस वर जाऊन गवतात आणि दोरांत मुरतो. धुरामुळे कीड लागत नाही, दोर कुजत नाहीत आणि लाकडावर काळे, चकचकीत कवच चढते. तरीही तीस-चाळीस वर्षांनी छप्पर जुने होते आणि नव्याने शाकारावे लागते. एका घराचे हे काम एका कुटुंबाने करायचे म्हटले, तर कित्येक महिने लागतील. आणि तोवर पाऊस का थांबून राहणार आहे? जुने गवत उतरवल्यापासून नवे चढेपर्यंत घर उघडे असते. म्हणून एक पाखे एका दिवसात पुरे झालेच पाहिजे. यासाठी शंभर ते दोनशे माणसे लागतात. एवढी माणसे पैसे देऊन आणण्याची ऐपत त्या गरीब दरीत कोणाचीच नव्हती.

यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे ‘यूइ’. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला तो समजावून सांगण्याची गरज पडणार नाही, कारण त्याच्याकडे सावड आहे, इर्जिक आहे. आज साऱ्यांनी मिळून एकाचे काम करायचे, उद्या दुसऱ्याचे. मजुरीचा प्रश्न नाही. हाताची फेड हातानेच. यूइमध्ये विशेष एवढेच की, ही फेड कधी कधी तीस वर्षांनी करावयाची असते. ज्याने आज येऊन गवताचे भारे वाहिले, त्याच्या घराचे छप्पर निघेपर्यंत कदाचित तो स्वतः हयात नसेल. मग फेड त्याच्या मुलाला मिळते. म्हणून वह्या ठेवीत. कोण आले, कोणी किती गवत दिले, किती दोर दिले, कोणी जेवणासाठी काय आणले, हे सारे त्यांत लिहिलेले असे. अशा जुन्या वह्या आजही काही घरांतून जपून ठेवलेल्या आढळतात.

शाकारणीचा दिवस उजाडतो तोच गर्दीने. तत्पूर्वीच्या दिवसांत जुने गवत काढून ठेवलेले असते. पाखीवर आडवे ओंडके बांधून पाय टेकण्यास जागा केलेली असते. तरुण आणि सराईत माणसे रांगा धरून वर चढतात. खालून पेंढ्यांची साखळी सुरू होते. या हातातून त्या हातात देता देता पेंढी आढ्यापर्यंत पोहोचते. गवत रचून झाले की ते बांधायचे कसे? वरचा माणूस दोर ओवलेली लांब लाकडी सुई गवतात खुपसतो. आत, अंधारात आणि धुळीत, माळ्यावर दुसरा माणूस बसलेला असतो. तो सुईतील दोर वाशाभोवती फिरवतो आणि पुन्हा बाहेर पाठवतो. दोघांना एकमेकांचे तोंड दिसत नाही. केवळ हाका मारून काम चालते. बाहेरचा माणूस दोर आवळतो, लाकडी थापीने ठोकतो आणि पुढे सरकतो. खाली स्त्रिया शेदोनशे पानांच्या स्वयंपाकात असतात. वृद्ध मंडळी उन्हात बसून दोर वळतात आणि वर चुकलेल्याला खालून ओरडून सांगतात. संध्याकाळपर्यंत पाखे पिवळेधमक दिसू लागते.

२००१ साली ओगिमाचीतील नागासे घराण्याच्या पाच मजली घराचे छप्पर असेच यूइ पद्धतीने शाकारले गेले. त्या वेळी सुमारे पाचशे माणसे कामाला आली होती. एवढ्या मोठ्या घराचे हे काम कसे करायचे, हे जाणणारे वृद्ध तोवर थोडेच उरले होते. ते बोलत गेले आणि तरुण करीत गेले.

मध्यंतरीच्या काळात मात्र ही घरे टिकतील असे कोणाला वाटले नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला विजेची भूक लागली. शोगावा नदीवर धरणे झाली. त्यांतील मिबोरो धरण १३१ मीटर उंचीचे. ते १९६१ साली पूर्ण झाले आणि त्याच्या पाण्याखाली दोनशेहून अधिक कुटुंबांची घरे, शेते आणि देवळे गेली. गावकऱ्यांनी कित्येक वर्षे विरोध केला होता. धरण बांधणाऱ्या कंपनीचे पहिले अध्यक्ष ताकासाकी तात्सुनोसुके त्यांना भेटावयास गेले असता बुडणाऱ्या गावातील देवळाच्या आवारात त्यांना एक चेरीचे वृद्ध झाड दिसले. निदान ही झाडे तरी वाचवावीत, असे त्यांच्या मनाने घेतले. दोन मंदिरांतील दोन झाडे, वय चारशे वर्षांहून अधिक, वजन कित्येक टन. जाणकार म्हणाले, एवढी जुनी चेरी हलवली तर जगणार नाही. तथापि सासाबे शिंतारो या चेरीवृक्षांच्या तज्ज्ञाने ते काम अंगावर घेतले. १९६० सालच्या हिवाळ्याच्या तोंडी ती झाडे मुळांसकट उचलून धरणाच्या काठावर नेऊन लावली. ती जगली. आजही वसंतात ती फुलतात, आणि गाव सोडून दूर गेलेल्यांनी त्यांच्या सावलीत येऊन बसावे, हाच त्यांचा एक उपयोग होऊन गेला आहे.

झाडे वाचली, घरे फारशी वाचली नाहीत. काही मोडली गेली, काही विकली गेली. शहरांतील उपाहारगृहांना आणि पथिकाश्रमांना अशा जुन्या घरांची हौस होती. योकोहामाच्या सांकेइएन उद्यानात अशाच एका बुडणाऱ्या गावातून आणलेले घर आजही पाहावयास मिळते. तरुण माणसे कामधंद्यासाठी शहरात गेली. काझुरा नावाच्या दुर्गम वस्तीतील सर्व कुटुंबांनी १९६७ साली एकदम गाव सोडले. गावात माणसेच नसली तर यूइ कोणी करायची? छप्पर जुने झाले की घर मोडून पत्र्याचे घर बांधणे स्वस्त पडे.

ओगिमाचीच्या लोकांनी १९७१ साली एक संघ स्थापन केला आणि एक सनद तयार केली. तिच्यातील मुख्य नियम तीनच होते: विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, मोडायचे नाही. घर, शेत, वन, सर्वांना हा नियम लागू. वाचावयास हे तीन शब्द सोपे आहेत. परंतु ज्याच्या घरात चार पैशांची चणचण आहे आणि शहरातील सावकार दारात थैली घेऊन उभा आहे, त्याला ‘विकायचे नाही’ म्हणणे सोपे नसते. भिंतीचा रंग बदलायचा, नवी खिडकी पाडायची, पाटी लावायची, तरी आधी संघापुढे जावे लागे. आजही जावे लागते. ही बंधने सरकारने लादलेली नव्हती. ती शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांवर आणि प्रत्येकाने स्वतःवर घालून घेतली होती. काझुरातील रिकामी घरे आणून नदीच्या पलीकडच्या तीरावर उभी केली गेली. तेथे आता संग्रहालय आहे. १९७६ साली जपान सरकारने गावाला संरक्षित वास्तुसमूहाचा दर्जा दिला. १९९५ च्या डिसेंबरात ओगिमाची आणि गोकायामातील आइनोकुरा व सुगानुमा या तीन गावांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. ओगिमाचीत साठाच्या आसपास, आइनोकुरात वीस आणि सुगानुमात नऊ, एवढीच राहती गाश्शो घरे तेव्हा उरली होती.

अशा घरात प्रवाशाला एक रात्र राहता येते. गावातील काही कुटुंबे पाहुण्यांसाठी दोन-चार खोल्या ठेवतात. पाहुण्याने उंबऱ्याशी पादत्राणे काढावीत, आणि काढताना त्यांची टोके दाराकडे वळवून ठेवावीत, ही तेथील रीत. आत विणलेल्या चटयांची जमीन असते. खोल्यांमध्ये भिंती नसून कागदी सरकती दारे असतात, त्यामुळे शेजारच्या खोलीतील खोकलाही ऐकू येतो आणि सर्वांनाच हळू बोलावे लागते. सायंकाळी सगळे इरोरीभोवती बसतात. वर साखळीला लोखंडी किटली टांगलेली असते. राखेत काड्या रोवून त्यांवर डोंगरी ओढ्यातील मासे भाजत असतात. मोठ्या रुंद पानावर सोयाबीनची आंबवलेली चटणी घालून ते पान निखाऱ्यावर ठेवतात. पान करपत जाते तसा त्याचा वास चटणीत उतरतो. भात असतो, रानभाज्या असतात, आणि असतो या दरीतील घट्ट ‘तोफू’, जो पूर्वी म्हणे दोराने बांधून हातात लटकवून नेत. यजमानीण पाहुण्याला जेवण कसे वाटले हे विचारते आणि तिच्या लहानपणी कमरेपेक्षा उंच हिमातून शाळेत कसे जावे लागे, ते सांगते. सकाळी प्रवासी बाहेर पडतो तेव्हा त्याच्या कपड्यांना धुराचा वास लागलेला असतो.

ही आगटी गावाचा प्राण आहे आणि तेच गावाचे सर्वांत मोठे भयही आहे. वाळक्या गवताची घरे, शेजारी शेजारी. एक ठिणगी वाऱ्यावर गेली तर गाव शिल्लक राहणार नाही. म्हणून गावकरी आळीपाळीने फेऱ्या घालतात आणि ‘आग सांभाळा’ असे एकमेकांना बजावतात. ठरलेल्या जागा सोडून गावात कोणाला विडी-सिगारेट ओढता येत नाही. ओगिमाचीत पाण्याच्या एकोणसाठ तोफा बसवलेल्या आहेत. गावाच्या वरच्या उतारावर पाण्याचा साठा आहे. तेथून पाणी स्वतःच्याच वजनाने धावत येते, वीज बंद पडली तरी अडत नाही. दरवर्षी शरद ऋतूच्या अखेरीस या साऱ्या तोफा एकदम सोडून पाहतात. घराघरांवर पाण्याचे उंच पडदे उभे राहतात आणि छायाचित्रे घेणाऱ्यांची झुंबड उडते. पण हा खेळ नव्हे. २०१९ च्या नोव्हेंबरात नदीपलीकडच्या वाहनतळाजवळील एका खोपटाला आग लागली. ज्वाळा उंच गेल्या. तेव्हा जवळच्या गावकऱ्यांनी धावत जाऊन पाण्याच्या तोफा सोडल्या आणि आसपासची छपरे भिजवून ठेवली. खोपटे जळाली, घरे राहिली.

दुसरे संकट हसत, पिशव्या खांद्यावर टाकून येते. २००८ साली द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला आणि दूरच्या शहरांतून येथे येणे सहज झाले. सुमारे दीड हजार वस्तीच्या या शिराकावा गावात २०१९ साली सतरा लाखांहून अधिक प्रवासी आले. यांतील बहुतेक जण दोन-तीन तास थांबतात, चित्रे काढतात आणि निघून जातात. काहींना हे संग्रहालयच वाटते. ते भाताच्या खाचरात उतरतात, कोणाच्या तरी घराचे दार सरकवून आत डोकावतात. आत एखादी आजी जेवत बसलेली असते. प्रवाशांमुळे गावात पैसा आला, मुले परत येऊ लागली, हे खरे आहे. पण सगळीच घरे दुकाने झाली आणि शेते वाहनतळ झाली, तर पाहावयास राहील काय? यास्तव गावाने दिवसा बाहेरच्या मोटारींना आत येण्यास मनाई केली. वाहने नदीपलीकडे ठेवून झुलत्या पुलावरून पायी यावे लागते. हिवाळ्यात काही रात्री हिमाच्छादित घरांवर दिवे सोडतात. त्या वेळची गर्दी आवरेनाशी झाली, तेव्हा २०१९ पासून आधी नाव नोंदवल्याखेरीज कोणाला येऊ देत नाहीत. गर्दीत धावपळ करून चार चित्रे नेणाऱ्यापेक्षा एक रात्र इरोरीपाशी बसून निमूटपणे ऐकणारा प्रवासी गावकऱ्यांना प्रिय असला, तर त्यात नवल ते काय?

गोकायामात गर्दी कमी असते. तेथे ‘कोकिरिको’ नावाचे फार जुने लोकगीत व नृत्य आहे. नर्तकांच्या हाती १०८ लाकडी पट्ट्या ओवलेले एक वाद्य असते. दोन्ही टोके धरून ते झटकले की पट्ट्या एकामागून एक आपटत जातात आणि सापासारखी लाट उठते. जपमाळेचे १०८ मणी ज्या परंपरेतून आले, तिच्याशीच या १०८ पट्ट्यांचे नाते सांगतात. तेथे झाडाच्या सालीपासून हातकागदही करतात. प्रवाशाला कागदवाल्यांच्या शेजारी बसून स्वतः एक कागद गाळून पाहता येतो. पाण्यातील लगदा चौकटीवर सारखा पसरवणे वाटते तितके सोपे नाही. पहिला कागद बहुधा एका कोपऱ्यात जाड आणि दुसऱ्यात विरळ निघतो. तो तसाच वाळवून पाहुण्याच्या हाती देतात.

आजची यूइ पूर्वीसारखी राहिलेली नाही. पुष्कळ छपरांचे काम आता वनसंस्थेचे कसबी कामगार करतात, आणि त्याच्या मोठ्या खर्चाचा बराचसा भार सरकार उचलते. गवत ही तर अधिकच अवघड बाब झाली. गवताची कुरणे राखणे सुटले होते, तेथे रान माजले. त्यामुळे मधल्या काळात दूरच्या फुजी पर्वताच्या पायथ्याहून गवत विकत आणावे लागे. आता पुन्हा आपल्याच डोंगरावर सुसुकी वाढवण्याचा उद्योग गावाने हाती घेतला आहे. पाने गळू लागली की माणसे विळे घेऊन उतारावर जातात. कापलेले गवत उभे करून पेंढ्या बांधतात आणि पहिले हिम पडण्यापूर्वी ते छपराखाली आणून टाकतात. ज्या घरासाठी ते ठेवलेले असते, त्याची पाळी कदाचित पुढच्या वसंतात येते, कदाचित त्याच्याही पुढच्या.